मनीषा कुणाकडे बघत होती

मुंबईला लेकीकडचा मुक्काम आटोपून मी गाडीने रत्नागिरीला परत येत होते. चिपळूण सुटलं की बोगदे सुरू होतात, फोनची रेंज येते आणि जाते, म्हणून फोन पर्समध्ये टाकून मी डोळे मिटून बसले होते. संगमेश्वरला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली आणि पर्स थरथरायला लागली. उघडून बघते तर आमच्या मिरजोळ्याच्या शेजाऱ्यांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आलेला. समुद्र, वाळूवर ओढून ठेवलेली होडी, होडीच्या कडेला टेकलेली माझी मैत्रीण मनीषा, तेव्हाची, विशीतली, हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. ती मान वळवते आणि हसते. पुढच्याच क्षणी गॉगल लावलेला एक तरुण माडाला टेकून हसतो. माझं डोकंच फिरलं. हे गाणं पुन्हा उकरून काढायची हौस कुणाला आली, मनीषाने बघितलं तर काय होईल, असं म्हणत मी तिलाच फोन लावणार होते. तेवढ्यात चित्राच्या तळाशी हलणारी पणती दिसली आणि मग अक्षरं दिसली. ‘मनीषा मॅडम यांना भावपूर्ण श्रद्धांजली’... आधी राग आला आणि नंतर कळलं. वर तिच्या आईच्या फोनवरून आलेले मिस्ड कॉलही होते, पण मी बघितला तो व्हिडिओ.

सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना मनीषाच्या छातीत कळ आली आणि इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी स्टेशनवरून थेट तिच्या घरी गेले. माणसं जमली होती, आणि कोपऱ्याकोपऱ्यात तेच गाणं बारीक आवाजात वाजत होतं. “केवढी गोड दिसायची हो,” असं म्हणत बायका एकमेकींना फोन दाखवत होत्या. मला प्रत्येकीच्या हातातला फोन ओढून घ्यावासा वाटत होता. रडू मला फार उशिरा येतं, चिडायला मात्र वेळ लागत नाही. मनीषा म्हणायची, “शैले, तुझ्या अंत्ययात्रेत तूच कुणाशी तरी भांडशील.” तिच्या वेळी भांडायची पाळी माझ्यावर आली आणि भांडणार कुणाशी, हेच कळेना.

मनीषाला रत्नागिरीत बरीच मंडळी ओळखायची ती ‘गाणी बघायला शिकवणाऱ्या मॅडम’ म्हणून. ऐकायला नव्हे, बघायला. कॉलेजात ती जनसंचाराच्या अभ्यासक्रमाला शिकवायची, पण तिचा खरा जीव होता तो गावोगावच्या शिबिरांत. हल्ली आपल्याकडे कुणीही गाणं चित्रित करतं. जाखडी नाचाचं मंडळ असो, होळीची पालखी असो, लग्नाआधी नवरानवरीचं गाणं असो... एक कॅमेरा, एक ड्रोन, आणि झालं. मनीषा अशा सगळ्यांना जमवायची आणि पहिलं काम करायची ते गाण्याचा आवाज बंद. “आता बघा,” म्हणायची. आवाज गेला की गाण्याचं सगळं उघडं पडतं. नायिका एका कडव्यात चार साड्या बदलते, तिला कपडे बदलायला वेळ कधी मिळाला हे कुणी विचारत नाही. नायक कॅमेऱ्याकडे संथ चालत येतो, पण पोचत कुठेच नाही. ओढणी उडते ती वाऱ्याने नव्हे, चौकटीबाहेर उभं राहून कुणीतरी ती उडवत असतं. पोरं खो खो हसायची. तीही हसायची, पण लगेच म्हणायची, “हसलात ना, आता सांगा, आवाज असताना हे का दिसलं नाही?”

तिची दुसरी खोड म्हणजे चुटकी. चित्र बदललं, म्हणजे एक शॉट संपून दुसरा आला, की चुटकी वाजवायची. सगळ्या वर्गाला वाजवायला लावायची. ढोलकीच्या थापेवर कट आला की चुटकी तालात वाजायची, आणि मग ती सांगायची की आपल्याला गाणं आवडलं असं वाटतं तेव्हा अनेकदा आपल्याला हा ताल आवडलेला असतो. या खोडीने मला वैताग आणला होता. कुणाच्या लग्नात हॉलमध्ये पडद्यावर ते नवरानवरीचं गाणं लागलं की माझ्या शेजारी हिची बारीक चुटकी सुरू. मी तिचा हात दाबून धरायची. पुढे पुढे माझीच बोटं जुळायला लागली. टीव्ही बघताना नवरा विचारायचा, “हे काय लावलंयस?” आता मला काही सरळ बघता येत नाही, ती देणगी तिचीच.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. चेहऱ्याचा जवळचा शॉट आला की ती चित्र थांबवायची आणि पडद्यावरचे डोळे मोठे करून दाखवायची. “बुबुळात पांढरा ठिपका दिसतोय? प्रकाश कुठून आला ते तिथं लिहिलेलं असतं. गोल असेल तर दिवा, उभा असेल तर खिडकी. चेहरा फसवतो, डोळ्यातला उजेड फसवत नाही.” एकदा तिने केळशीच्या आपल्या मामाचा नुसता चेहरा फोनवर टिपला होता. तो चेहरा आणि त्यापाठोपाठ तव्यावरची सुरमई, असं जोडून दाखवलं. पोरं म्हणाली, मामांना भूक लागलीय. मग तोच चेहरा आणि धूळ उडवत निघून गेलेली एसटी. पोरं म्हणाली, लेक सासरी चालली वाटतं, डोळे भरून आलेत. मामा खरं तर टीव्हीवर क्रिकेट बघत होता! वर्ग हसून लोटपोट झाला. मनीषा मात्र शांत उभी होती. “दोन शॉट शेजारी ठेवले की मधलं आपण भरतो,” ती म्हणाली. “आणि आपण भरलेलंच आपण डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतो.” मागच्या बाकावर मी बसले होते. हे ती का सांगतेय हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

ज्या गाण्याने मला तिच्या जाण्याची बातमी दिली, ते व्हीसीडीच्या काळातलं. आम्ही दोघी कॉलेजात होतो. मे महिन्यात ती आईबरोबर केळशीला मामाकडे गेली होती आणि तिथे किनाऱ्यावर कोळीगीतांच्या अल्बमचं शूटिंग आलं. दिलीपशेठ नावाचे एक गृहस्थ तेव्हा असे अल्बम काढायचे. ठरलेली मुलगी आली नाही, मामाच्या घरून सगळ्यांचं जेवण जात होतं, जेवण घेऊन गेलेल्या मनीषाला दिलीपशेठनी बघितलं आणि तिच्या आईला विचारलं. काकी, म्हणजे तिची आई, हौशी बाई. “जा गो, गाना तर हाय,” म्हणाली. लुगडं मामीचं, गजरा शेजारच्या परसातला. युनिट एवढंसं, त्यामुळे गावातल्या ज्याला त्याला काही ना काही धरायला दिलं होतं. कुणी छत्री, कुणी टेपरेकॉर्डर, कुणी होडीचा दोर. दिवसभर मजा झाली. मनीषाने परत आल्यावर मला सगळं रंगवून सांगितलं होतं. त्यात कुठेही तो गॉगलवाला तरुण नव्हता, कारण तो तिथे नव्हताच. त्याचं काम नंतर केव्हातरी लांज्याजवळच्या एका बागेत चित्रित झालं. अशा अल्बमांत हे नेहमीचं असायचं. नायक मुंबईहून सवडीने येणार, नायिका गावातलीच कुणी, आणि दोघांना कात्रीने एकत्र आणायचं. मनीषाने त्या माणसाला जन्मात बघितलं नाही.

पण व्हीसीडी आली आणि घरोघरी लागली. मनीषा मान वळवून हसते, कट, तो हसतो. झालं. त्याच सुमारास तिचं लग्न लांज्याच्या एका घरात ठरत आलं होतं, साखरपुड्याचा दिवस काढायचा होता. नेमका तो बागेतला माड लांज्याचा आहे हे तिकडे कुणीतरी ओळखलं. मुलगी आमच्या गावात येऊन कुणाबरोबर हिंडून गेली आणि आम्हाला पत्ता नाही, असा त्यांचा समज झाला. तिचे वडील समजावायला गेले, ते दोघं कधी भेटलेच नाहीत म्हणाले. काकी गेली. “ती माज्याकडं बगून हसली हो, मी थयच उभी होती,” असं काकीने शपथ घेऊन सांगितलं. त्या घरातल्या बाई म्हणाल्या, “आम्ही काय आंधळे आहोत? आमच्या डोळ्यांनी बघितलंय.” ठरलेलं मोडलं. पुढे ती पुण्याला शिकायला गेली, मग नोकरी, मग इथेच परत. लग्न केलं नाही. त्या गाण्यामुळे केलं नाही असं कुणी म्हटलं तर ती भडकायची. “मला तो मुलगा काही फार आवडला नव्हता. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. मी तोंडाने सांगत होते, आई सांगत होती, आणि लोकांनी विश्वास ठेवला एका कटावर.”

एक मात्र झालं. मायलेकींमध्ये ते गाणं पुन्हा कधी निघालं नाही. मनीषाचं म्हणणं, आईने ‘जा’ म्हणायला नको होतं. हे तिने आईला तोंडावर कधी सांगितलं नाही, पण काकीला ते कळत होतं. वडील गेल्यावर घरात दोघीच. एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. काकी मोरीवर मासे साफ करता करता सहज गुणगुणायला लागली आणि चाल नेमकी तीच. मनीषा पाटावरून उठली, आत गेली. काकीने मान वर केली नाही. मासे धुऊन झाले, आमटी झाली, जेवणंही झाली, पण त्या घरात काकीच्या तोंडून गाणं म्हणून मी त्यानंतर ऐकलं नाही. पोरीला शिकवायला उभ्या महाराष्ट्राची गाणी चालायची आणि आईला गुणगुणायला एक चालत नव्हतं, याचा मला तेव्हाही त्रास व्हायचा. पण मनीषाला बोलायची हिंमत कुणाची?

मग यूट्यूब आलं आणि दिलीपशेठनी आपले जुने अल्बम त्यावर चढवले. मनीषा त्यांच्याकडे कितीदा गेली असेल. आता त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ते तिला चहा पाजायचे, “मॅडम, तुमच्यामुळे तर गाणं चाललं,” म्हणायचे, आणि काढायचं मात्र नाव घ्यायचे नाहीत. माणूस वाईट नव्हे. आयुष्यात त्यांनी केलेल्या कामांपैकी लोकांना आठवतं ते हे एकच, ते पुसायला त्यांचा हात धजावत नव्हता. मूळ टेपा बुरशी लागून केव्हाच गेल्या होत्या. उरलं होतं ते हेच, व्हीसीडीवरून उतरवलेलं, फुटक्या चित्राचं.

मी मुंबईला जायच्या आदल्या संध्याकाळी मनीषा माझ्या पडवीत येऊन बसली होती. ती आमची शेवटची भेट. पुढच्या शिबिराची तयारी चालली होती. मध्येच म्हणाली, “माझाच तो शॉट एकदा वर्गात दाखवावा असं मनात येतं. मामापेक्षा चांगलं उदाहरण आहे.” मी चमकून बघितलं. “दाखव की.” तिने तयारीची वही मिटली. मग म्हणाली, “थांबवून बघायला लागेल ना गं. जगाचे डोळे मोठे करून बघितले, हे एकदाही थांबवून बघितलेलं नाही. नको... जाऊ दे.” आणि आंब्याच्या पेट्यांचं काहीतरी बोलायला लागली. ते ‘नको’ आणि ते ‘दाखवावा’, यातलं तिच्या मनातलं कोणतं होतं ते मला आजही सांगता येत नाही.

तिचे दिवस घालून झाले आणि मी दिलीपशेठच्या दुकानात गेले. पणती आणि अक्षरं त्यांनीच चिकटवली होती, चांगल्या मनाने. त्यांना बोलून घेतलं. म्हटलं, ती जिवंत असताना काढलं नाहीत, निदान आता काढा, तिच्या नावाने लोक पुन्हा तेच बघतायत. त्यांचा चेहरा उतरला. “काढतो, ताई. तुम्ही फक्त हो म्हणा, आत्ता काढतो. पण आईंना विचारलंत काय? माझ्या दुकानातल्या मुलाकडून त्या हे गाणं फोनमध्ये घालून घेऊन गेल्या परवा.” काकी या दुकानात आली होती, हे गाणं मागायला. मला काकीचाही राग आला. पोरीने जन्मभर ज्याचा तिटकारा केला ते ही म्हातारी बघत बसते! त्याच तिरीमिरीत मी मिरजोळ्याला तिच्या घरी गेले.

काकी स्वयंपाकघरात होती. तांदळाच्या डब्याला फोन टेकवून ठेवलेला आणि ती समोर पाटावर बसलेली. आवाज बंद होता. मी काही बोलायच्या आत मला म्हणाली, “बरी आलीस. माला ता थांबवाया जमत नाय गो. माजा अंगठा पोचीपर्यंत तो मेला येतो.” तो मेला म्हणजे गॉगलवाला. तो आला की काकी पडद्यावर तळहात ठेवायची आणि पुन्हा पहिल्यापासून लावायची. मी म्हटलं, “काकी, मी हे काढून टाकायला सांगणार आहे. मनीषाला नको होतं.” ती म्हणाली, “तिला नको होता ता माला ठावं हाय. माज्या घरात मी गुणगुणली नाय इतकी वर्सा. आता कुनासाटी नको?” तिने फोन माझ्यापुढे सरकवला. “थांबव तू,” ती म्हणाली. “ती बगते थयच थांबव, फुडं नको.”

मी थांबवलं. मान वळलेली, ओठ नुकते उघडलेले. काकीने दोन बोटांनी चित्र ताणलं, ते कसं करायचं हे तिला दुकानातल्या मुलाने शिकवलं होतं. चेहरा मोठा झाला, मग नुसते डोळे. व्हीसीडीचं चित्र ते, ताणलं की त्याचे चौकोन होतात. काळे, तपकिरी चौकोन, आणि बुबुळाच्या मधोमध थोडे पांढरे. काकीने त्या पांढऱ्यावर नख ठेवलं. “ता पांढरा दिसताय ना, ती मी.” मला कळेना. “थर्माकोल गो. त्यांनी माज्याच हातात दिलान, हिच्या तोंडावर उजेड पाडाया. माज्यापेक्षा मोटा. वारा असो सुटलेला, माला आनि थर्माकोलाला घेऊन चालला. मी अशी मागं मागं सरकतेय, तर ही माज्याकडं बगून हसली.” काकीही हसली, आणि मग तिचा चेहरा वाकडा झाला. “सगल्यांना सांगितला मी. सगल्यांना सांगितला...”

खरं सांगायचं तर ते चार पांढरे चौकोन थर्माकोलचेच असतील असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. चित्र इतकं फुटकं आहे की ती वाळूची चमकही असेल. पण प्रकाश कुठून आला ते डोळ्यात लिहिलेलं असतं, असं मनीषाच सांगायची. तिची साक्षीदार तिच्या बुबुळात उभी होती आणि तिने ते चित्र एकदाही थांबवलं नाही. तिथे, त्या पाटाशेजारी जमिनीवर बसून, मला पहिल्यांदा रडू आलं. काकीने फोन बाजूला ठेवला नाही, दुसऱ्या हाताने माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी दिलीपशेठना सांगितलं, गाणं काढा. पण त्याआधी तेवढा एक शॉट वेगळा करा, मान वळते तिथपासून हसते तिथपर्यंत, पुढचं काही नको. ताल, पणती, अक्षरं, काही नको. त्यांनी खालमानेने करून दिलं. आता ते गाणं त्यांच्या यूट्यूबच्या पानावर नाही. लोकांच्या फोनमध्ये आहेच, ते कोण कुठे कुठे काढणार? परवाच बाजारात एका ओळखीच्या बाईंनी मला थांबवून विचारलं, “तो गाण्यातला मुलगा कोण हो, त्या दोघांचं पुढे काय झालं?” मी त्यांच्याशी भांडले नाही. त्याचं मलाच आश्चर्य वाटलं आणि वाईटही.

दुपारी सवड मिळाली की मी काकीकडे जाते. जेवणं झालेली असतात, फोन तांदळाच्या डब्याला टेकलेला असतो, त्यात तेवढाच शॉट फिरून फिरून लागत असतो. होडी, हिरवं लुगडं, अबोलीचा गजरा. मनीषा मान वळवते, हसते. काकी हलक्या आवाजात ती चाल गुणगुणत असते. हसू पुरं होत आलं की माझी बोटं आपोआप जुळतात, चुटकीसाठी. पण कट येत नाही. मनीषा पुन्हा मान वळवते आणि आपल्या आईकडे बघते.